कराची ते मुंबई : जे. आर. डी. टाटा यांचे सव्वासात तासांचे उड्डाण

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एका छोट्या पुस मॉथ विमानाने उड्डाण केले. त्यात टपालाच्या थैल्या होत्या आणि वैमानिकाच्या आसनावर होते अठ्ठावीस वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. अहमदाबादला इंधन भरून ते दुपारी मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे ९०० किलोमीटर. अहमदाबादमार्गे ते हजारावर जाते. हा पल्ला त्यांनी सुमारे सव्वासात तासांत गाठला. भारतीय कंपनीच्या नियमित हवाई सेवेचा हा आरंभ होता.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच, वडील पारशी उद्योजक. बालपणीच विमानांचे वेड लागलेल्या या तरुणाला १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी भारत आणि इंग्लंड यांच्यातील एकट्याने उड्डाण करण्याच्या आगाखान स्पर्धेत ते उतरले. वाटेत इजिप्तमध्ये समोरून येणारे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकलेले दिसले. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. स्पर्धा इंजिनिअर यांनी जिंकली. तेच पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

इंग्लंडहून येणारे हवाई टपाल १९२९ पासून कराचीपर्यंत पोहोचू लागले होते. मात्र तिथून मुंबई आणि मद्रासकडे ते जलद नेण्याची सोय नव्हती. ही उणीव भरून काढण्याची योजना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने टाटांपुढे मांडली. सरकारने अनुदान नाकारले, तरीही टाटांनी दोन लाख रुपये गुंतवून सेवा सुरू केली. मुंबईहून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा पुढचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पार पाडला. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याला हलवावी लागत. तरीही टपाल वेळेवर पोहोचत राहिले. या वक्तशीरपणाची सरकारी पातळीवरही प्रशंसा झाली.

याच सेवेतून १९४६ मध्ये एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि तिसऱ्या दिवशी तेथे पोहोचले. १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानांनी हा प्रवास तासांवर आणला. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ते जेआरडींना मान्य नव्हते. असे असूनही १९७८ पर्यंत त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद सांभाळले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची ते मुंबई उड्डाण पुन्हा केले. १९३२ मध्ये ही दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंध प्रांत वेगळा झाला तो १९३६ मध्ये. पन्नास वर्षांनी त्याच मार्गावर त्यांना आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडावी लागली. जेट विमानाला दीड तासही न लागणाऱ्या या अंतरासाठी आता दोन देशांची परवानगी आवश्यक झाली होती.

१९९२ मध्ये ‘भारतरत्न’ने गौरविलेल्या जेआरडींचे २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे निधन झाले. पॅरिसमधील पेर लाशेज स्मशानभूमीत ते विसावले आहेत.