सम्राट जगन्नाथ : जयपूरच्या दरबारातील मराठी पंडित

गावाकडून पाहुणे आले की त्यांना जंतरमंतर दाखवणे हे आपणा जयपूरकर मराठी मंडळींचे ठरलेले काम. सम्राट यंत्राची सुमारे ९० फूट उंच भिंत पाहून पाहुणे थक्क होतात, गाईड सवाई जयसिंह महाराजांची थोरवी सांगतो. पण या महाराजांचे प्रमुख ज्योतिषी जगन्नाथपंत हे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्या स्मरणिकेत संतांची, क्रांतिकारकांची चरित्रे नेहमी येतात. यंदा या पंडिताविषयी लिहावेसे वाटले.

त्यांच्या बालपणाविषयी दंतकथाच जास्त आहेत, त्या बाजूला ठेवतो. जगन्नाथपंत मूळचे संस्कृत शास्त्री. महाराजांना अरबांचे गणित व ज्योतिष संस्कृतात हवे होते, म्हणून पंत अरबी आणि फारसी शिकले. वेदशास्त्र पढलेल्या त्या काळच्या ब्राह्मणाने यावनी भाषेचा अभ्यास करायचा, ही साधी गोष्ट नव्हती.

जयपूर वसले १७२७ साली. त्या सुमारास त्यांचे ‘रेखागणित’ तयार झाले. युक्लिडचा ग्रंथ नसीरुद्दीन तूसीने अरबीत मांडला होता, त्यावरून हे काम केले. अध्याय १५, प्रमेये ४७८! प्रमेयाला त्यांनी ‘शकल’ म्हटले, हा मूळ अरबी शब्दच. आकृत्यांवरची अक्षरेही अरबी क्रमाने अ, ब, ज, द अशी आहेत. युक्लिडचे नाव मात्र ग्रंथात नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, असे प्रस्तावनेत आहे. पंडितांनी ते स्वीकारावे म्हणून ही युक्ती केली असावी, असे मला वाटते. आम्ही रेल्वेवाले रुळांचे वळण आखताना स्पर्शिका आणि जीवा यांच्यामधला कोन मोजतो. त्यामागचे प्रमेय या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातले.

त्यानंतर टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ. तोही तूसीच्या अरबीवरून. १७३२ च्या सुमारास त्यांनी तो ‘सम्राट सिद्धांत’ या नावाने संस्कृतात आणला व त्यात वेधयंत्रांचीही माहिती दिली. पण दैव पाहा. या ग्रंथात पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर होती, आणि कोपर्निकसने १५४३ मध्येच सूर्य मध्यभागी ठेवला होता. न्यूटनचा ग्रंथही १६८७ साली निघून गेला होता. म्हणजे पंत एकेक प्रकरण संस्कृतात उतरवत असताना युरोपात ती विद्या जुनी झालेली होती. तरीही ते श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही. डोळ्यांनी वेध घ्या, आकडा जुळला नाही तर पोथीतला आकडा बदला, ही शिस्त त्या कामातून आली.

१७४३ मध्ये महाराज वारले. पुढे गादीसाठी भाऊबंदकी माजली, त्यात आपल्याच होळकर-शिंद्यांच्या फौजा इथे उतरल्या. वेधांचे काम मंदावले. ‘रेखागणिता’च्या पोथ्या कोणी ना कोणी उतरवून घेत राहिले, पण पाठशाळांत त्याचा म्हणावा तसा प्रसार झाला नाही. अखेर मुंबईत १९०१-०२ मध्ये कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांच्या संपादनाखाली ते दोन भागांत छापून निघाले. तोवर शाळांतली मुले इंग्रजीवरून आलेली भूमिती शिकू लागली होती.