राजर्षी शाहू आणि कोल्हापूरचा पाऊस

राजर्षी शाहू महाराजांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. वसतिगृहे, राखीव जागा, सक्तीचे शिक्षण, कुस्ती, नाटक अशा अनेक बाजूंनी त्यांचे चरित्र आपण वाचतो. मी भूगोलाचा विद्यार्थी असल्यामुळे मला हे चरित्र पावसाच्या बाजूने वाचावेसे वाटते.

त्यासाठी आधी आपला पाऊस समजून घेतला पाहिजे. युरोपात थंड आणि उबदार हवेच्या प्रचंड राशी एकमेकींना भिडतात. त्या जिथे भिडतात त्या सीमेला हवामानशास्त्रात ‘आघाडी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली आणि नावही रणभूमीवरूनच घेतले. आपल्याकडे अशा आघाड्या येत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत दमट आणि कोरडे वारे पठारावर एकत्र येतात, ढग उंच चढतात आणि दुपारनंतर वळीव कोसळतो; आघाडीशी थोडेफार साम्य असलेले आपले हवामान एवढेच. खरा पाऊस मात्र सह्याद्री पाडतो. अरबी समुद्रावरून आलेले वारे घाट चढताना थंड होतात आणि आपले ओझे पश्चिमेलाच उतरवतात. म्हणून गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या आमच्या शिरोळात तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो.

या विषम वाटणीच्या संस्थानाची गादी ज्यांच्या वाट्याला आली ते महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. जन्म २६ जून १८७४ चा. १८८४ साली ते दत्तक आले, राजकोट व धारवाड येथे शिकले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. दोनच वर्षांनी पाऊस रुसला. १८९६-९७ च्या दुष्काळात तरुण राजाने स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई दिली, दुष्काळी कामे काढली. पाठोपाठ प्लेग आला.

दुष्काळ सरला की राज्यकर्ते तो विसरतात. महाराज विसरले नाहीत, हे मला त्यांचे मोठेपण वाटते. १९०२ साली त्यांनी पाटबंधाऱ्याचे धोरण ठरवून विहिरी आणि तलावांकडे लक्ष वळवले. त्याच वर्षी जुलैत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. हे दोन निर्णय मला एकाच मनातून आलेले दिसतात. जे एका बाजूला साचले आहे ते दुसऱ्या बाजूला पोहोचले पाहिजे. मग ते शिक्षण असो वा पाणी. जन्माने मिळालेली विषमता त्यांनी दैव म्हणून मान्य केली नाही, तशी वाऱ्याने केलेली विषमताही मान्य केली नाही.

मग भोगावती नदीवर, जिथे पाऊस उदंड तिथे, धरणाचे काम सुरू झाले. शेजारी वसवलेल्या गावाला कन्येचे नाव देऊन राधानगरी म्हटले गेले. सुमारे दहा वर्षे काम चालले, पैसा आटला आणि १९१८ च्या सुमारास भिंत अर्धवट राहिली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस होते. धरण पुरे झाले १९५७ मध्ये. संस्थान गेले, राजवट गेली, पण योजना टिकली. सुमारे साडेआठ टीएमसी पाण्याच्या या साठ्यावर पुढे भोगावतीकाठचा ऊस उभा राहिला.

गोष्ट एवढ्यावर गोड करून संपवणे मला पटत नाही. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात, आणि पंचगंगेकाठची माणसे राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारू लागतात. एकोणचाळीस फुटांवर इशारा, त्रेचाळीस फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्याही कितीतरी वर गेले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमामुळे, ज्या शिरोळात पाऊस पडत नाही तिथे पश्चिमेचा पाऊस पूर होऊन आला. एके काळी दुष्काळाने जे शिकवले, ते आता पूर शिकवतो आहे.

वारा कुणाचेच ऐकत नाही. महाराजांनाही तो वळवता आला नाही. पडलेल्या पाण्याचे काय करायचे, एवढेच माणसाच्या हाती असते. त्यांनी आपल्या काळातल्या टंचाईला उत्तर शोधले आणि ते आपल्या हयातीत पुरे होणार नाही असे दिसू लागले तरी त्याचा पाया घालून ठेवला. आपल्या काळातल्या महापुराचे उत्तर आपल्याला शोधायचे आहे. महाराजांच्या जयंतीला हार घालताना आपण एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.