रविवारी नोटा बदलल्या, सोमवारी दुकानं भरली : जर्मनीत खुला बाजार आणणारे लुडविग एरहार्ड

तारीख २१ जून १९४८, वार सोमवार. जर्मनीच्या पश्चिम भागातले लोक सकाळी घराबाहेर पडले आणि दुकानांसमोर थबकले. आदल्या आठवड्यापर्यंत ज्या काचांमागे काहीच नव्हतं, तिथे भांडी, बूट, कापड, भाजी असं सगळं मांडलेलं होतं.

एका रात्रीत कारखाने उभे राहत नाहीत. मग हा माल आला कुठून?

याचं उत्तर लुडविग एरहार्ड या माणसाच्या गोष्टीत आहे.

एरहार्ड यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८९७ चा, बव्हेरियातल्या फ्यूर्थ गावचा. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. लहानपणी पोलिओ झाला आणि एक पाय अधू झाला. तरीही पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात लढले आणि १९१८ मध्ये गंभीर जखमी झाले. दिवसभर दुकानात उभं राहणं जमणार नव्हतं, म्हणून मग ते अर्थशास्त्राकडे वळले. १९२५ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे न्युरेम्बर्गच्या एका संस्थेत बाजारपेठेचा अभ्यास करू लागले. ग्राहक काय घेतो, का घेतो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं.

१९४५ मध्ये जर्मनी युद्ध हरला. शहरं जमीनदोस्त झाली होती. कित्येक ठिकाणी रोजचं रेशन दीड हजार कॅलरींच्याही खाली गेलं होतं.

पण खरी गंमत वेगळीच होती. वस्तूंचे भाव हिटलरच्या सरकारने १९३६ मध्येच गोठवले होते आणि युद्धानंतरही ते तसेच ठेवले गेले. दुसरीकडे युद्धाच्या खर्चासाठी नोटा मात्र भरमसाट छापलेल्या. म्हणजे पैसा उदंड आणि ठरलेल्या भावात माल विकणं तोट्याचं. साहजिकच दुकानदार माल गोदामात दडवू लागले. काळ्या बाजारात अमेरिकन सिगारेटी चलनासारख्या चालायच्या. शहरातले लोक घरातल्या वस्तू घेऊन खेड्यात जायचे आणि बदल्यात बटाटे आणायचे.

मार्च १९४८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या ताब्यातल्या भागाचा आर्थिक कारभार एरहार्ड यांच्याकडे आला.

नवं चलन आणायचं हे दोस्त राष्ट्रांनी आधीच ठरवलं होतं. नोटा अमेरिकेत छापून गुपचूप आणल्या होत्या. रविवार, २० जूनला प्रत्येकाच्या हातात सुरुवातीला ४० डॉइच मार्क पडले. पण नुसती नोट बदलून भागणार नाही, हे एरहार्ड यांनी ओळखलं होतं. भाव गोठलेलेच राहिले, तर नवी नोटही जुन्याच वाटेने जाणार. म्हणून औपचारिक मंजुरीची वाट न बघता त्यांनी बहुतेक वस्तूंवरचं भावनियंत्रण उठवल्याचं जाहीर केलं. घरभाडं, कोळसा आणि मुख्य धान्यं मात्र नियंत्रणातच ठेवली. अमेरिकन लष्करी प्रशासक जनरल लुशियस क्ले यांनीही हा निर्णय रद्द केला नाही.

तर सोमवारी दिसलेला माल होता गोदामांतला. आता पैशाला किंमत होती आणि विकण्यात फायदा होता, म्हणून तो बाहेर आला. खुल्या बाजाराचं गणित इथेच कळतं. भाव हा एक निरोप असतो. भाव चढला की टंचाई कुठे आहे ते कळतं, उत्पादक तिकडे वळतो आणि माल वाढला की भाव उतरतो. तोच गोठवला, तर निरोपच पोहोचत नाही.

पण या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. ज्यांची बचत बँकेत होती, त्यांच्या जुन्या १०० मार्कांचे शेवटी साडेसहाच उरले. जमीन, कारखाने आणि शेअर असणाऱ्यांचं तुलनेत निभावलं. त्यात भाव मोकळे आणि मजुरी काही महिने गोठलेलीच. महागाई भडकली, बेकारी वाढली. १२ नोव्हेंबर १९४८ ला सुमारे ९० लाख कामगार एका दिवसाच्या संपावर गेले. एरहार्ड यांना हटवण्याचेही प्रयत्न झाले. ते मागे हटले नाहीत. १९४९ मध्ये भाव स्थिरावले.

बेकारी ओसरायला मात्र वेळ लागला. १९५० मध्ये ती १० टक्क्यांच्या वर होती आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एक टक्क्याच्याही खाली आली. याचं सगळं श्रेय एकट्या एरहार्ड यांचं नाही. मार्शल योजनेची मदत होती, पूर्वेकडून आलेले लाखो कुशल निर्वासित होते, कोरियन युद्धामुळे जगभरातून वाढलेली मागणीही होती.

१९४९ ते १९६३ अशी सलग १४ वर्षं ते अर्थमंत्री होते. या काळातली त्यांची सर्वात मोठी लढाई झाली ती उद्योगपतींशी. बड्या कंपन्या संगनमत करून भाव ठरवायला लागल्या, तर बाजार खुला उरतोच कुठे? सरकारने गोठवलेला भाव आणि कंपन्यांनी आपसात ठरवलेला भाव, ग्राहकाला दोन्ही सारखेच. उद्योगांच्या संघटनेने कित्येक वर्षं विरोध केला, तरी १९५७ मध्ये कार्टेलविरोधी कायदा मंजूर झाला. त्यात बऱ्याच सवलती घुसल्या, पण कायदा आला.

१९६३ मध्ये एरहार्ड चॅन्सेलर झाले. तिथे मात्र त्यांचा जम बसला नाही. मंदीची चाहूल लागली, बजेटची तूट भरून काढण्यावरून मित्रपक्ष सोडून गेला आणि १९६६ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. ५ मे १९७७ ला बॉनमध्ये त्यांचं निधन झालं.

खुला बाजार म्हणजे सरकारने हात झटकून बसणं, असा अनेकांचा समज असतो. एरहार्ड यांचा कारभार वेगळंच सांगतो. भाव ठरवणं त्यांनी बाजारावर सोडलं, पण पैशाची किंमत टिकवणं आणि स्पर्धा जिवंत ठेवणं ही कामं सरकारचीच मानली. त्यातलं पहिलं काम एका रविवारी झालं, दुसऱ्यासाठी पुढची नऊ वर्षं गेली.