हप्त्याने लिहिणारे हरिभाऊ

गेल्या दिवाळीनंतर नव्या कादंबरीचे बाड घेऊन मी प्रकाशकांकडे गेलो होतो. नाव सांगत नाही. गृहस्थ भले आहेत. त्यांनी बाड हातात तोलले, चहा मागवला आणि फेसबुक, इन्स्टाग्रामवर माझे काय आहे ते विचारले. काहीच नाही म्हटल्यावर बाड हळूच माझ्या बाजूला सरकले. आधी वाचक गोळा करा, पुस्तकाचे मग बघू, असा एकूण सूर होता. तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे तारण नसलेल्या माणसाला चहा पाजून परत कसे पाठवतात, हे मला चांगले ठाऊक आहे. त्या दिवशी मी टेबलाच्या पलीकडे होतो, इतकेच.

बाहेर आलो तो अप्पा बळवंत चौकाची गर्दी. तिथून आनंदाश्रम हाकेच्या अंतरावर आहे. हरि नारायण आपटे यांचे आयुष्य याच वास्तूशी बांधलेले. पाय आपोआप तिकडे वळले. मग वाघोलीच्या बसमध्ये, नगर रस्त्यावरच्या कोंडीत, हरिभाऊंचा विचार करायला हवा तेवढा वेळ मिळाला.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. मुंबईत वकिली करणाऱ्या काकांनी, महादेव चिमणाजी आपट्यांनी, त्यांना वाढवले. आनंदाश्रम ही संस्कृत ग्रंथांची संस्था याच काकांनी स्थापली आणि पुढे तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर असे गुरू लाभले. विष्णुशास्त्री १८८२ मध्ये गेले तेव्हा या मुलाने त्यांच्यावर विलापकाव्य लिहिले. पुढे आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर, म्हणजे ‘विकारविलसिता’वर, त्याने लांबलचक टीकालेख लिहिला. गुरूच्या भाषांतराची झडती घ्यायची, तीही विशीच्या आत! कॉलेजात मात्र गणिताने दगा दिला आणि पदवी हुकली. (माझ्यासारख्या आकडेमोडीवर पोट भरलेल्या माणसाला हे वाचून बरे वाटते, ते का कोण जाणे.) याच हरिभाऊंनी १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाची विल्सन व्याख्याने दिली.

‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ पासून ‘पुणे वैभव’ पत्रातून क्रमशः आली. पत्र दुसऱ्याचे, जागा दुसऱ्याची. पाच वर्षांनी, १८९० मध्ये, त्यांनी स्वतःचे साप्ताहिक काढले, ‘करमणूक’. माझ्या मते हरिभाऊंच्या आयुष्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच. त्या काळच्या पुण्यात मतपत्रांना तोटा नव्हता. ‘केसरी’ होता, आगरकरांचा ‘सुधारक’ होता. त्यातले वाद ओटीवर, बाप्यामाणसांत रंगत. माजघरापर्यंत पोचेल असे काय होते? हरिभाऊंनी गोष्टी, चरित्रे, शास्त्रीय माहिती असा फराळ मांडला आणि त्याला नाव दिले करमणूक. या नावाला कोणत्या सासऱ्याने हरकत घ्यावी?

आणि त्या निरुपद्रवी नावाखाली त्यांनी यमुनेला बोलते केले.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणुकी’तूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. लहानपणी लग्न झालेली यमू, तिला लिहायला-वाचायला शिकवणारा नवरा, मुंबईतले थोडे मोकळे दिवस, मग वैधव्य आणि सासरी बळजबरीने झालेले केशवपन. सगळे तिच्याच तोंडून. हरिभाऊ मध्ये कुठे डोकावत नाहीत. आठवड्यामागून आठवडा ती मुलगी घराघरात आपली हकिगत सांगत राहिली, आणि ती ज्या घरांत वाचली जात होती, त्यांतल्या कित्येक घरांत तशीच एखादी यमू आत चुलीपाशी बसलेली असणार. माझे घोडे इथेच अडते. आम्हाला सांगतात की लेखकाने स्वतःला दाखवावे, आपला चेहरा, आपली खोली, आपले मत. हरिभाऊंनी घराघरात जागा मिळवली ती एका विधवेच्या मागे उभे राहून.

अर्थात हे सगळे फुकट झाले नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला फेडायचा हप्ता. अंक निघालाच पाहिजे, मजकूर भरलाच पाहिजे. हरिभाऊंच्या कादंबऱ्या कुठे कुठे फार पसरतात, उपकथानके फुटतात, याचे मूळ या हप्तेबंदीत आहे, असे मला वाटते. ‘गणपतराव’ अपूर्ण राहिली, ‘कर्मयोग’ अपूर्ण राहिली. ही थकबाकी म्हणायची. पण ‘मी’ आणि ‘उषःकाल’ याच हप्त्यांतून उभ्या राहिल्या. शिवाय दुष्काळावरची ‘काळ तर मोठा कठीण आला’सारखी कथा आहे, जी आजही वाचताना घास अडकतो. जमाखर्च मांडला तर कर्ज वसूल झाले आहे.

त्यात आनंदाश्रमाचा कारभार, पुण्याच्या नगरपालिकेतले काम, प्लेगच्या वर्षांतली धावपळ. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ‘करमणूक’ १९१७ पर्यंत चालली. ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ गेले. पंचावन्न पूर्ण व्हायला पाच दिवस कमी होते.

परवा सुनेने मला फेसबुकवर पान काढून दिले. फोटो टाकायला मी नकार दिला, त्यावरून घरात थोडी वादावादी झाली. शेवटी असे ठरले की दर रविवारी कादंबरीचे एकेक प्रकरण टाकायचे. दोन टाकून झाली. वाचणारे अडतीस, त्यातले बरेचसे बँकेतले जुने सहकारी. पण दुसऱ्या प्रकरणानंतर कुणा अनोळखी बाईंनी विचारले आहे की, त्या थोरल्या बहिणीचे पुढे काय झाले.

तिसरे प्रकरण बाडात आहे, पण त्यात ती थोरली बहीण येतच नाही. आज शनिवार. सकाळपासून मी नवे पान लिहायला बसलो आहे.