फादर थॉमस स्टीफन्स आणि मराठीतील परलोक

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या आरंभी मध्ययुगीन मराठी वाङ्मयाचा तास चालू असताना एका विद्यार्थ्याने मला अवचित एक प्रश्न विचारला होता. आदल्या संध्याकाळी त्याने ख्रिस्ती दफनभूमीत थडग्याथडग्यांवर मेणबत्त्या लावलेल्या पाहिल्या होत्या. ही मंडळी आपल्यासारखीच सर्वपित्री पाळतात काय, आणि पाळत असतील तर त्यांचे पितर जातात कोठे, असा त्याचा प्रश्न होता. त्या वेळी मी थोडक्यात काही सांगून वेळ मारून नेली. परंतु त्याचे खरे उत्तर मराठी भाषेतच चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी ओवीबद्ध करून ठेवले आहे, याची जाणीव मला तास संपल्यावर झाली. वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात एखाद्या ग्रंथकाराचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा म्हणूनच फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मनात आले.

पोर्तुगीज म्हटले की सिल्वासातील वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे २ ऑगस्ट १९५४ हा मुक्तिदिन उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. नगरहवेलीत ती सत्ता आली इ. स. १७८३ मध्ये. स्टीफन्स त्यापूर्वी एकशे चौसष्ट वर्षे आधीच निवर्तले होते. त्यांचा आपल्या गावाशी प्रत्यक्ष संबंध नाही. मात्र त्या सत्तेच्या छत्राखाली वावरलेल्या एका परक्या माणसाने मराठीला काय दिले, हे पाहण्याचा अधिकार ती सत्ता भोगलेल्या या भूमीतील वाचकाला इतरांपेक्षा काकणभर अधिकच आहे.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यात इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. त्या काळचे इंग्लंड मृतांच्या प्रश्नावरून दुभंगलेले होते, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. जुन्या कॅथलिक श्रद्धेप्रमाणे माणूस मेला की त्याच्या आत्म्याचा तत्काळ न्याय होतो. पुण्यवान स्वर्गात जातो, पश्चात्ताप न करता महापापात मेलेला नरकात जातो. आणि ज्याच्या अंगी किरकोळ दोषांचा मळ उरलेला असतो तो शुद्धिस्थानात काही काळ यातना भोगून मग स्वर्गाला पात्र होतो. शुद्धिस्थानातील या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेने साहाय्य होते, म्हणून मृतांसाठी मिस्सा म्हणवून घ्यावयाच्या आणि दानधर्म करावयाचा. आमच्या विद्यार्थ्याने पाहिलेल्या मेणबत्त्यांचे मूळ हे. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. सर्वपित्रीशी त्याचे साम्य आहे खरे, पण पितरांना अन्नोदक देण्याची कल्पना तेथे नाही.

एवढ्यावर हा न्याय संपत नाही. जगाच्या अंती ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेली सर्व माणसे आपापल्या देहांसह उठतील आणि सर्वांच्या देखत अखेरचा निवाडा होईल, ही त्या श्रद्धेची दुसरी पायरी. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला आणि बंदिवानाला भेट, असे प्रश्न त्या दिवशी विचारले जातील, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. आपल्या चित्रगुप्ताच्या वहीची येथे आठवण होणे साहजिक आहे. भेद आहे तो पुढल्या पानाचा. आपल्याकडे वही मिटते ती पुन्हा उघडण्यासाठी; पुण्य सरले की पुन्हा मर्त्यलोक, पुन्हा जन्म. ख्रिस्ती मताप्रमाणे जन्म एकच आणि अखेरचा निवाडाही एकच.

इंग्लंडमध्ये सुधारणावाद्यांनी शुद्धिस्थानाची कल्पनाच मोडीत काढली. मृतांसाठी मिस्सा म्हणण्याकरिता ठेवलेल्या देणग्या व त्यांची प्रार्थनास्थळे इ. स. १५४७ च्या कायद्याने राजसत्तेने ताब्यात घेतली. म्हणजे स्टीफन्स जन्मले ते आजोबा-पणजोबांसाठी प्रार्थना करणे हाच वादाचा विषय झालेल्या देशात. एलिझाबेथ राणीच्या काळी जुन्या श्रद्धेच्या लोकांवर दंड, तुरुंग आणि पुढे फाशीचीही पाळी आली. स्टीफन्स यांचा मित्र थॉमस पाउंड त्यांच्यासमवेत रोमला जाण्याच्या बेतात असतानाच पकडला गेला आणि सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत खितपत पडला. स्टीफन्स एकटे रोमला पोहोचले आणि इ. स. १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या जहाजातून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे हॅक्लुटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन वास्तव्य केलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचे नाव घेतात.

त्यांची नेमणूक सासष्टीत झाली. ही गोव्याची सासष्टी, ठाणे-मुंबईकडील साष्टी नव्हे. उरलेली जवळजवळ चाळीस वर्षे मडगाव, राशोल आणि त्या परिसरातील चर्चे हेच प्रामुख्याने त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. तेथे त्यांना काय दिसले असेल? इ. स. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. सासष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. जुने ग्रंथ बाळगणे हा अपराध ठरला होता. श्रद्धेपायी स्वदेश सोडावा लागलेला हा माणूस परश्रद्धेचा छळ करणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने राहिला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकाराने झाकून ठेवू नये असे मला वाटते. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रोदोल्फो आक्वाव्हिवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार मारले. ते मृतदेह मिळवून त्यांचा अंत्यविधी करण्याच्या कामी स्टीफन्स होते. पुढे कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. एकाच गावचे दोन्ही बाजूंचे मृत. एकांच्या स्मरणार्थ प्रार्थना झाल्या, दुसऱ्यांच्या स्मारकाला मात्र चारशे वर्षे थांबावे लागले.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच व त्याचे सोबती हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले, तेव्हा भिन्न पंथाच्या या देशबांधवांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. बंदिवानाला भेट देण्याची ती शिकवण त्यांनी ओव्यांपूर्वी आचरणात आणली होती, एवढे तरी म्हणता येईल.

भाषेचा त्यांचा व्यासंग मात्र विलक्षण होता. भावाला इ. स. १५८३ मध्ये लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले आहे. सर विल्यम जोन्स यांच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. त्या काळी पैठणला एकनाथ हयात होते. ओवी हा छंद, पुराण हा घाट आणि श्रोत्यांचा संवाद ही रीत स्टीफन्स यांनी मराठी परंपरेतूनच उचलली.

ग्रंथनिर्मितीचे कारण त्यांनी आरंभीच सांगितले आहे. रविवारी धर्मशिक्षण चालले असता एका ब्राह्मणाने, म्हणजे ब्राह्मण ज्ञातीतून ख्रिस्ती झालेल्या गृहस्थाने, विनंती केली की, आमची पूर्वीची पुराणे तर बंद झाली, मग त्यांच्या जागी वाचावयास आम्हांला दुसरे काही का देत नाही? या प्रश्नात केवढी पोकळी भरलेली आहे! देवळाबरोबर कीर्तन गेले, पोथीबरोबर चातुर्मासाची संध्याकाळ गेली. त्या रिकाम्या संध्याकाळी काय ऐकावे, हा त्या माणसाचा प्रश्न होता. त्याला मिळालेले उत्तर म्हणजे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण. पहिल्या पुराणात विश्वाची उत्पत्ती, देवदूतांचे पतन आणि ख्रिस्तापूर्वीची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ग्रंथारंभीची मराठीची स्तुती पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. दुर्दैवाने पुष्कळांना तेवढीच ठाऊक आहे.

माझ्या मते स्टीफन्स यांची खरी कसोटी लागली ती परलोकाच्या शब्दांपाशी. मृत्यूनंतरच्या या नव्या मुलखाला मराठीत नावे कोणती द्यावयाची? बाप्तिस्मा, क्रूस यांसारख्या गोष्टींसाठी त्यांनी पोर्तुगीज शब्द बेधडक वापरले. स्वर्ग आणि नरक यांच्या बाबतीत तसे केले असते तर ऐकणाऱ्याला त्यांची ना ओढ वाटली असती, ना भय. म्हणून देवाच्या निवासाला त्यांनी वैकुंठ म्हटले, पापी आत्म्यांच्या ठिकाणाला यमकुंड म्हटले, तारणाला मुक्ती म्हटले. सैतानासाठी देवचार हा शब्द आला. गोव्याच्या लोकमानसात देवचार म्हणजे गावाची राखण करणारा पुरुष. रात्री खांद्यावर घोंगडी टाकून सीमेवर फिरणारा. त्याला यमकुंडाचा धनी करणे म्हणजे गावच्या राखणदारालाच आरोपी करणे होते. उलट वैकुंठाचे झाले. विष्णूचे घर रिकामे करून तेथे ख्रिस्ताला बसविले, असे कोणी म्हणेल. पण शब्द आपल्याबरोबर आपला सुगंध घेऊन येतोच. वैकुंठ ऐकताना त्या सासष्टीकर श्रोत्याच्या कानांत आजीने म्हटलेले एखादे पद वाजले नसेल, असे मानणे मला तरी कठीण जाते. यमकुंड हा शब्द कोकणी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात आजही ऐकू येतो.

श्रोत्याच्या मनातला सर्वांत अवघड प्रश्न याहून वेगळा असणार. आपण तर बाप्तिस्मा घेतला, पण त्यापूर्वी गेलेल्या आपल्या आईबापांचे काय? हा प्रश्न मी कल्पनेने रचलेला नाही. जपानात नवख्रिस्ती झालेले लोक आपल्या पूर्वजांना नरकातून सोडविता येत नाही हे ऐकून रडत, असे फ्रान्सिस झेवियर यांनी इ. स. १५५२ च्या पत्रात लिहून ठेवले आहे. त्या काळच्या उपदेशात या रडण्याला दिलासा नव्हता. जे रडणे जपानात उमटले ते सासष्टीच्या घराघरांत उमटले नसेल काय?

ख्रिस्तकथेत एक प्रसंग मात्र असा आहे की जो ऐकताना हे श्रोते सावरून बसले असतील. क्रूसावरील मृत्यूनंतर आणि पुनरुत्थानापूर्वी ख्रिस्त अधोलोकात उतरतो आणि तेथे युगानुयुगे त्याची वाट पाहणाऱ्या प्राचीन पुण्यात्म्यांना मुक्त करतो. आदाम, अब्राहाम, दावीद असे सगळे पूर्वज अंधारातून बाहेर येतात. स्टीफन्स यांच्या पुराणातही हा प्रसंग आहे. सिद्धान्ताच्या काटेकोर दृष्टीने ते पूर्वज यहुद्यांचे, सासष्टीकरांचे नव्हेत. हा भेद स्टीफन्स जाणून होते आणि त्यांनी तो पुसलेला नाही. पण पूर्वज बंधनातून सुटल्याची कथा मराठी ओवीत ऐकणाऱ्याने मनातल्या मनात कोणाची नावे घेतली, हे कोणत्या धर्मन्यायालयाला तपासता येणार होते? स्वतः कॅथलिक चर्चने इ. स. १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे सरळ मनाने देवाचा शोध घेतात त्यांनाही तारण मिळू शकते, असे स्पष्टपणे मांडले. सासष्टीच्या त्या श्रोत्यांना हे ऐकावयास मिळाले नाही.

ग्रंथ देवनागरी लिपीत छापावा अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. इ. स. १६०८ मध्ये त्यांनी रोमला पत्र लिहून त्यासाठी खिळे पाडण्याची परवानगी मागितली आणि अक्षरांची संख्या कशी आटोक्यात आणता येईल याचा हिशेबही मांडला. ते साधले नाही. इ. स. १६१६ मध्ये राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. तीन वर्षांनी, इ. स. १६१९ मध्ये, स्टीफन्स गोव्यातच मरण पावले. वय सत्तरीच्या घरात होते. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, अशी दोन पुस्तके त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. छापलेले भारतीय भाषेचे पहिले व्याकरण म्हणून त्या दुसऱ्या पुस्तकाचा मान आहे.

पुराणाच्या पुढे १६४९ व १६५४ मध्ये आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या धर्मासाठी हा ग्रंथ रचला गेला तिनेच त्याच्या भाषेवर घाला घातला. लोकांनी मात्र तो हाताने उतरवून घेतला, चर्चमध्ये आणि घरी वाचला. गोवा सोडून दक्षिणेत कानडी मुलखात गेलेल्या कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते सांभाळली. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखितही आढळले. त्यात पोर्तुगीज शब्द टाळून संस्कृत वळणाचे शब्द योजलेले आहेत. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली आणि १९९६ मध्ये फादर कारिदाद द्राग यांनी गद्य मराठी रूपांतरासह ती पुन्हा वाचकांच्या हाती दिली. ज्याला जुन्या ओवीची सवय नाही त्याने द्राग यांच्या आवृत्तीपासून आरंभ करावा. आमच्या त्या विद्यार्थ्यालाही मी तीच दिली होती.

त्या काळी छापलेल्या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आजवर कोठे मिळालेली नाही.