निलंग्याचे ज्ञानपिपासू : सेतुमाधवराव पगडी

पवित्र रमजान महिन्यात कुरआनच्या अवतरणाला प्रारंभ झाला आणि पहिला आदेश होता तो वाचण्याचा. इल्मची ही तहान कोणत्याही धर्माच्या, जातीच्या किंवा प्रांताच्या हद्दीत मावत नाही. मराठवाड्याच्या मातीतले तिचे ठळक उदाहरण म्हणजे सेतुमाधवराव पगडी.

आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे २७ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लोकांच्या तोंडी मराठी आणि कन्नड, तर कचेरीत उर्दू. नोकरीपुरती उर्दू शिकून थांबणारे तेव्हा पुष्कळ होते. पगडींना मात्र या भाषेच्या पोटात काय दडले आहे, याची ओढ लागली. त्या ओढीने ते गालिब आणि इक्बाल यांच्यापर्यंत पोहोचले आणि मराठी वाचकांनाही त्यांनी तिथवर नेले.

पुढे ते संस्थानच्या मुलकी सेवेत अधिकारी झाले. आदिलाबादच्या जंगलपट्ट्यात गोंड आणि कोलाम लोकांमध्ये काम करण्याची वेळ आली. कारभार उर्दूत आणि फिर्यादी गोंडीत, अशी तिथली स्थिती. दुभाष्यावर विसंबून फाइल निकाली काढणे सोपे होते. पण समोरचा माणूस नेमके काय सांगतो, हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचे होते. ते गोंडी शिकले, कोलामी शिकले. गोंडीचे व्याकरणही त्यांनी लिहिले.

हीच जिज्ञासा त्यांना सुफी संतांच्या खानकाहपर्यंत घेऊन गेली. सुफी संप्रदायाचे तत्त्वज्ञान आणि कार्य यांवर १९५३ मध्ये त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला.

त्यांचा सर्वांत मोठा शोध फारसी कागदांत होता. औरंगजेबाने आयुष्याची शेवटची सुमारे २५ वर्षे दख्खनमध्ये काढली. दरबारात कोण आले, कोणाला काय हुकूम झाला, कोणत्या ठाण्यावर काय घडले, याची बातमीपत्रे रोज लिहिली जात. मराठ्यांच्या लढ्याची ही दुसरी बाजू फारसीत बंदिस्त होती. पगडींनी ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ मराठीत आणली. मोगलांच्या चाकरीत असलेल्या भीमसेन सक्सेनाचा ‘तारीखे दिलकुशा’ हा ग्रंथही त्यांनी मराठीत उतरवला. बखरींवर विसंबलेल्या इतिहासाला त्यामुळे पडताळणीचे नवे साधन मिळाले. शत्रूच्या भाषेतील कागद म्हणून त्यांनी ते दूर लोटले असते, तर आपलाच इतिहास अर्धा राहिला असता.

महाराष्ट्राच्या गॅझेटिअर विभागाचे काम त्यांनी सांभाळले. ‘जीवनसेतू’ हे त्यांचे आत्मचरित्र. १९९२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला आणि १४ ऑक्टोबर १९९४ रोजी ते हे जग सोडून गेले.

कंधार, उदगीर आणि औसा येथील किल्ल्यांवरचे फारसी शिलालेख आजही येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर आहेत. वाचणारे मात्र मोजकेच. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील एखाद्या मुला-मुलीला तिथे काय लिहिले आहे असा प्रश्न पडला आणि त्या प्रश्नापायी त्याने किंवा तिने एक नवी लिपी शिकायला घेतली, तर पगडींचे काम पुढे चालू राहील.