कोटितीर्थाचे चित्रकार

कोल्हापूर शहरात कोटितीर्थ नावाचे एक जुने तळे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या तळ्याच्या परिसरात एक थोर चित्रकार राहत असत. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

आबालाल यांचा जन्म कोल्हापूर येथे झाला. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम परंपरेने चालत आले होते. या कामाला स्थिर हात आणि शांत मन लागते. वळणदार अक्षर काढावे, नाजूक नक्षी रेखावी आणि घाई मुळीच करू नये, हे संस्कार बाल आबालाल यांच्यावर घरातच झाले. पुढे ते मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात शिकावयास गेले. तेथे मानवाकृती हुबेहूब रेखाटण्याचे शिक्षण त्यांनी इतक्या निष्ठेने घेतले, की व्हाइसरॉयच्या नावे दिल्या जाणाऱ्या पदकाचा मान त्यांना मिळाला.

आता मुंबईत राहावे, धनिकांची व्यक्तिचित्रे काढावी आणि पैसा व कीर्ती मिळवावी, हा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. परंतु ते कोल्हापुरास परत आले. गुणांची पारख असलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. तरीही आबालाल यांची वृत्ती फकिराचीच राहिली. राजवाड्याच्या वैभवापेक्षा त्यांना तळ्याचा एकांत प्रिय वाटे.

चित्र काढणे हा त्यांचा नित्यनेम होता. तेच तळे, तीच झाडे आणि तेच आकाश त्यांनी पुनःपुन्हा रंगविले. एकच देखावा इतक्या वेळा कशासाठी रंगवावा, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर त्या पाण्यातच आहे. सकाळी धुक्यामुळे तळ्याचा पलीकडचा काठ पुसट दिसतो. दुपारी उन्हाने पाणी चकाकते आणि सावल्या आखूड होतात. सायंकाळी मावळतीचे रंग पाण्यात उतरतात व क्षणात विरून जातात. पावसाळ्यातले तळे निराळे आणि उन्हाळ्यातले निराळे. जो एकदाच पाहतो त्याला एकच तळे दिसते. जो रोज पाहतो त्याला रोज नवे तळे भेटते. या नित्याच्या अभ्यासाने आबालाल यांची दृष्टी सूक्ष्म झाली. पाण्याचा रंग केवळ निळा नसतो आणि सावली केवळ काळी नसते, याचा प्रत्यय त्यांच्या निसर्गचित्रांतून येतो.

१९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. या आघाताने आबालाल यांचे मन खचले. आपली असंख्य चित्रे त्यांनी दुःखाच्या भरात कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे सांगतात. त्यांनी काढलेल्या हजारो चित्रांपैकी फारच थोडी आज उरली आहेत. पुढे १९३१ साली त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

मग त्यांचे सारे श्रम वाया गेले काय? तसे मुळीच नाही. कोल्हापुरात पुढे जी चित्रकारांची परंपरा बहरली, तिच्या मुळाशी आबालाल यांची साधना होती. बाबूराव पेंटर यांच्यासारख्या कलावंतांना त्यांच्या कामातून स्फूर्ती मिळाली. कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात त्यांची चित्रे आजही पाहावयास मिळतात. चित्रे पाण्यात गेली, तरी साधनेने मिळविलेली दृष्टी पुढील पिढीला लाभली.

निसर्गाचे दर्शन घेण्यासाठी दूर देशी जावे लागत नाही. कोल्हापूरच्या मुलांपाशी कोटितीर्थ आहे. शहाडच्या मुलांपाशी उल्हास नदी आहे. प्रत्येक गावी एखादा ओढा, टेकडी किंवा वृक्ष असतोच. तो रोज नीट पाहावा आणि जसा दिसेल तसा कागदावर उतरवावा. पहिली चित्रे साधली नाहीत, तरी खंत करू नये. हात हळूहळू वळतो. पण त्याआधी डोळे पाहावयास शिकतात, आणि तोच या नित्य अभ्यासाचा खरा लाभ होय.